सूर्यास्ताआधी मांडायची चूल

डिसेंबरच्या मध्यास वर्ध्याचा सूर्य सायंकाळी साडेपाच वाजून गेले की मावळतो. मुंबईच्या मानाने तो सुमारे २५ मिनिटे आधी जातो. हिवाळी सुटीत मुंबई-पुण्याकडून नातलग येतात, सारे कुटुंब दोन दिवसांसाठी बोर धरणाकडे किंवा एखाद्या परिचिताच्या शेतावर मुक्कामाला निघते, आणि याच २५ मिनिटांत साऱ्या बेताचे गणित चुकते. सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी, भोजन आटोपण्याचा नियम ज्या घरात आहे त्या घराचा शेवटचा घास पावणेपाचच्या आत व्हायला हवा. वीस माणसांची पंगत धरली तर चार वाजता पाने मांडली पाहिजेत.

सहलीत रात्रिभोजनत्याग मोडतो तो श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे. बहुतेक वेळा कुकरला वाफ धरत नाही, वाऱ्याने शेगडीची ज्योत उडत राहते, पाणी उकळून निवत नाही, एवढीच कारणे असतात. मग घरातील वडीलधारी स्त्री काही न बोलता पच्चक्खाण घेऊन उपाशी निजते आणि बाकीचे सात वाजता कंदिलाच्या उजेडात, किडे झटकत जेवतात. मुलांच्या मनावर त्या रात्री काय उमटते, हे निराळे सांगायला नको. म्हणून सहलीची स्वयंपाकसामग्री निवडणे हा जैन घरात बाजारहाटाचा किरकोळ विषय राहत नाही. दुकानदार शेगडी दाखवताना ती किती लवकर पेटते, घडी केल्यावर केवढीशी होते हे सांगतो. गृहिणीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या साधनावर वीस माणसांचा स्वयंपाक चार वाजेपर्यंत होईल काय, आणि त्यासाठी किती ज्योत किती वेळ जाळावी लागेल?

लाकडाच्या चुलीपासून आरंभ करणे योग्य, कारण मोकळ्या रानातील जेवण म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तीच येते. वऱ्हाड-नागपूरकडे रानातील पंगत म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, पळसाच्या पानांत गुंडाळलेले पानगे आणि सोबत वांग्याची भाजी. वांगे बहुबीज म्हणून जैन ताटातून वगळले जाते आणि त्याची जागा वरण घेते. रोडगे मात्र आवडीने होतात. अडचण आहे ती जळणाची. महिनोन्‌महिने रचून ठेवलेल्या गोवऱ्यांच्या उतरंडीत असंख्य किडे आसरा घेतात. शेतावर सर्वांत सहज मिळणारे सरपण म्हणजे वाळलेली पऱ्हाटी. तिच्यावर राहून गेलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून असते, हे या जिल्ह्यातील प्रत्येक कापूस-उत्पादकास ठाऊक आहे. अशी पऱ्हाटी मोळीने चुलीत घालणे म्हणजे काय, याचा विचार अहिंसाव्रती घराने स्वतःच करावा. रोडगे करायचेच असतील तर गोवऱ्या एकेक करून आपटून, उन्हात पसरून, निरखून घेणे हा जुन्या श्राविकांचा परिपाठ होता. त्याला तासभर जातो, आणि तो तास सकाळीच काढून ठेवावा लागतो.

कायदाही ध्यानात असावा. बोर अभयारण्य १९७० सालचे. २०१४ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या ३० व्या कलमान्वये अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे निषिद्ध आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वनखाते वणव्याचा हंगामच मानते. गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा फुलतो, एवढे एक कारणही जंगलालगत चूल न पेटवण्यास पुरेसे आहे. धरणाच्या परिसरात जायचे तर स्वयंपाक हिंगणीच्या अलीकडे, एखाद्या शेतघराच्या ओसरीवर करावा आणि धरणावर फक्त डबे न्यावेत.

चुलीचा शास्त्रशुद्ध विचार ज्या गावात झाला त्या गावांत वर्ध्याचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट वर्धेकरांनाही अलीकडे फारशी आठवत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिले, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेथे तेलघाणी, हातकागद, गूळ यांबरोबरच स्वयंपाकघरातील धुराचाही विचार झाला. त्यातून १९४० च्या दशकात मगन चूल पुढे आली. बंदिस्त मातीची चूल, एका तोंडाने सरपण, आतल्या आत वळणाऱ्या मार्गाने दुसऱ्या भांड्याखाली जाणारी आच आणि शेवटी धुराडे, अशी तिची सर्वसाधारण रचना. धूर बाईच्या डोळ्यांत जाऊ नये आणि वाया जाणाऱ्या आचेवर दुसरे भांडे शिजावे, हा दुहेरी हेतू. मगनवाडीतील मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. ग्रामीण औद्योगिकीकरणासाठी काम करणारी महात्मा गांधींच्या नावाची राष्ट्रीय संस्थाही आज त्याच परिसरात आहे.

मगन चूल जमिनीत बांधलेली. ती सहलीला नेता येत नाही. पण तिच्यामागचा विचार नेता येतो. आच उघडी राहिली की वाया जाते, भांडे आचेवर नीट बसले नाही की वाया जाते, आणि एका भांड्याखालून निसटणारी उष्णता दुसऱ्या भांड्याला मिळाली नाही तर तीही वाया जाते. हेच तीन मुद्दे धरून गॅसच्या शेगडीची निवड करता येईल.

बाजारात सध्या तीन प्रकार दिसतात. पहिला, बुटेनच्या छोट्या कॅनवर चालणारी, पेटीत मावणारी शेगडी. दिसायला देखणी, पण तिची ताकद बेताची. दहा लिटर पाणी उकळायला तिला पाऊण ते एक तास लागतो, आणि दोन-सव्वादोनशे ग्रॅमचा एक कॅन एवढ्या पाण्यात जवळपास रिता होतो. दोघा-तिघांच्या चहा-खिचडीला ती ठीक. वीस माणसांच्या कुटुंबाने तिच्या भरवशावर निघणे म्हणजे सूर्यास्तानंतर जेवण्याची तजवीज करून निघणे. शिवाय हे कॅन पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नयेत, असा इशारा त्यांच्यावरच छापलेला असतो. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या डिकीत वर्ध्याचे ऊन ही मर्यादा सहज ओलांडते.

दुसरा प्रकार पाच किलोच्या सिलिंडरवर चालणारी दोन बर्नरची शेगडी, आणि तिसरा आचाऱ्याची मोठी भट्टी. भट्टी शंभर पानांच्या संघाला शोभते; वीस माणसांसाठी तिची आच पातेल्याच्या कडेने वर निघून जाते. कुटुंबासाठी मधला प्रकारच उत्तम. गॅस किती लागेल, याचा अंदाज घरच्या अनुभवावरून बांधता येतो. पाच माणसांच्या घरात १४.२ किलोचे सिलिंडर सुमारे दीड महिना पुरते, म्हणजे माणशी रोज ६० ते ६५ ग्रॅम. वीस माणसांना सव्वा किलो. त्यात उकळलेल्या पाण्याची भर घातली पाहिजे, आणि तीच भर बहुतेक जण विसरतात. दहा लिटर पाणी उकळायला चांगल्या शेगडीवर ११० ते १२० ग्रॅम गॅस जळतो. माणशी तीन लिटर धरले तर वीस जणांच्या साठ लिटरांना सुमारे पाऊण किलो. म्हणजे दिवसाला दोन किलो झाले. पाच किलोचे सिलिंडर दोन दिवस पुरेल, तिसऱ्या दिवशी पुरणार नाही. वाऱ्यात ज्योत हलत राहिली तर दोन दिवसही नाही. म्हणून शेगडीच्या तीन बाजूंनी उभा करायचा घडीचा पत्रा सोबत हवा. पत्र्याने शेगडी वेढावी, सिलिंडर कधीही नाही. ते पत्र्याच्या बाहेर, आचेपासून दूर, उभेच असावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तंबूच्या तळाशी साचून राहतो. तेव्हा थंडी कितीही असो, तंबूच्या आत शेगडी पेटवू नये. निजण्याआधी रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर ठेवावे.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मात्र यातले काहीच लागू नाही. वर्ध्याहून भांदक, म्हणजे भद्रावतीच्या केशरिया पार्श्वनाथाच्या दर्शनाला जाणारी अनेक कुटुंबे बल्लारशा मार्गावरील गाडीने जातात. भरलेले सिलिंडर, रॉकेल, पेटती शेगडी गाडीत नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या १६४ व्या कलमाखाली अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यापेक्षाही बोलके उदाहरण २६ ऑगस्ट २०२३ चे आहे. उत्तर प्रदेशातून तीर्थयात्रेस निघालेला एक खाजगी डबा मदुरैला उभा होता. पहाटे आत बेकायदा आणलेल्या सिलिंडरवर चहा करताना आग लागली आणि नऊ यात्रेकरूंचे प्राण गेले. यात्रेकरूंनाच आपल्या हातचे, नियमाचे खाणे हवे असते, म्हणून हा मोह त्यांना इतर प्रवाशांपेक्षा अधिक होतो. गाडीच्या प्रवासात खाकरे, दशम्या, भाजणी आणि घरून उकळून आणलेले पाणी एवढ्यावर निभावावे. भद्रावतीस धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेच.

आता वेळेचा खरा पेच. वीस माणसांना माणशी चार म्हटल्या तर ऐंशी पोळ्या. मिनिटाला एक उतरली तरी एका तव्यावर एक तास वीस मिनिटे. वरण, भात, भाजी कितीही लवकर झाली तरी पंगत पोळ्यांसाठी अडते. दोन बर्नरवर दोन जाड तवे एकाच वेळी चालवायचे तर वरण-भाताला जागा उरत नाही. येथेच वर्ध्याच्या कापसाचा उपयोग होतो.

घट्ट झाकणाचे पातेले, त्याच्या भोवती सर्व बाजूंनी चार बोटे जाडीची रुई भरलेली गोधडी, आणि ते सारे मावेल अशी लाकडी पेटी किंवा मोठा पिंप, एवढेच हे साधन आहे. भिजवलेली तूरडाळ उकळी आणून दहा-पंधरा मिनिटे शिजवायची आणि झाकण न उघडता पातेले रुईत पुरून टाकायचे. आतली उष्णता बाहेर जात नाही आणि दीड-दोन तासांत डाळ आपल्या आप मऊ होते. तांदळाला याहून कमी वेळ लागतो. युरोपात पहिल्या महायुद्धाच्या काळात इंधनटंचाईमुळे गवत भरलेल्या अशाच पेट्या घरोघर वापरात होत्या. आपल्याकडे बाळंतिणीची पेज उबेत ठेवणाऱ्या आजींना हा प्रकार नवा वाटणार नाही. दुपारी एकला शेतघरावर डाळ-भात रुईत बसवावा, मंडळींनी धरणावर जाऊन यावे, परतल्यावर दोन्ही बर्नर पोळ्यांसाठी मोकळे. ज्योत पंधरा मिनिटे, शिजणे दोन तास. अग्निकायाचा आरंभ कमीत कमी व्हावा ही श्रावकाची इच्छा आणि गॅस वाचावा ही गृहिणीची इच्छा येथे एकत्र येते. पण हे अन्न त्याच वेळी संपवायचे. पेटी उबदार आहे म्हणून रात्रभर ठेवलेले वरण सकाळी वाढू नये. ते शास्त्राने वर्ज्य आहे आणि पोटासही अपायकारक.

जुन्या पिढीच्या स्मरणात आणखी एक साधन असेल, इकमिक कुकर. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी तो १९१० मध्ये तयार केला. उंच नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी थोडेसे पाणी आणि त्याखाली लोणारी कोळशाची शेगडी. एकदा पेटवून ठेवला की तासा-दीडतासाने सारा स्वयंपाक तयार, मध्ये कोणी बसून राहण्याची गरज नाही. आज तो सहसा दिसत नाही, पण एकावर एक तीन डब्यांचा मोठा प्रेशर कुकर तेच काम करतो. जैन कुटुंबात त्याचा एक वेगळा फायदा आहे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्यांचे, एकाशन करणाऱ्यांचे आणि लहान मुलांचे अन्न एकाच ज्योतीवर तीन वेगळ्या डब्यांत होते. डबे काठोकाठ भरू नयेत आणि शिट्टीची वाट खोलगट चमच्याने नव्हे, बारीक तारेने साफ करून मगच निघावे; रबराची एक जादा कडी सोबत असावी.

सौर पेटीबद्दल थोडक्यात. आतून काळी, वर काच आणि आरसा अशी ही पेटी हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात दहा ते एकच्या दरम्यान डाळ-भात उत्तम शिजवते, पोळी मात्र होत नाही. वजनाने जड आहे. दोन दिवस एकाच शेतावर मुक्काम असेल तर न्यावी.

पाण्याची सामग्री निवडताना पुष्कळ घरांत ढिलाई होते. गाळण्याचे कापड दुहेरी, जाड विणीचे आणि भांड्याच्या तोंडापेक्षा बरेच मोठे हवे. नळाला लावायची जाळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गाळल्यावर कापडावर उरलेली जिवाणी ज्या पाण्यातून पाणी घेतले तेथेच अलगद सोडायची असते. म्हणजे गाळणे विहिरीच्या वा धरणाच्या काठावरच झाले पाहिजे, पाणी मुक्कामावर नेऊन नव्हे. घरून पाणी नेणार असाल तर ते घरीच गाळून निघावे. उकळण्यासाठी दहा लिटरचे एक पातेले आणि निववण्यासाठी दोन मोठ्या पराती घ्याव्यात. परातीशिवाय उकळते पाणी निवायला तासन्‌तास जातात आणि तहानलेली मुले बाटलीबंद पाण्याकडे वळतात. परातींवर झाकायला पांढरे पातळ कापड घ्यावे. सायंकाळचे पाणी दुपारी दोनपर्यंत उकळून झाले पाहिजे. पोळ्यांना बर्नर लागायच्या आत.

पीठ किती दिवसांचे न्यावे, हाही सामग्रीचाच भाग. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानतात; दळण त्याप्रमाणे आणावे. ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य, पण सुकवून दळलेली चालते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद, जिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती वरणात असली म्हणजे कांदा-लसणाची उणीव फोडणीला जाणवत नाही.

भांडी एकात एक बसणारी आणि पसरट बुडाची असावीत. अरुंद उंच भांड्याच्या कडेने आच निसटते. पितळेची कल्हईची पातेली चवीला श्रेष्ठ, पण वीस माणसांच्या सहलीत त्यांचे वजन कोण उचलणार, हा प्रश्न आहे. जाड बुडाचे स्टील पुरे. ताटांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. सहलीसाठी हल्ली खणांची ताटे घेतात. थाळी धुऊन पिण्याचा नियम असलेल्यांना ती गैरसोयीची, कारण खणांच्या कोपऱ्यांत अन्नाचे कण अडकून राहतात आणि उष्टे अठ्ठेचाळीस मिनिटांहून अधिक पडून राहिले की संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे शास्त्र सांगते. साध्या, गोल, काठाच्या थाळ्या घ्याव्यात. दोन घोटांत त्या स्वच्छ होतात आणि घासायला पाणीही थोडे लागते. कागदी पत्रावळी नेल्या तर त्या परत आणण्यासाठी एक गोणीही न्यावी.

मोकळ्यावर स्वयंपाक करताना वरून काय पडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. श्वेतांबर श्रावकाच्या घरी सात गाळणी आणि दहा चंदरवे असावेत असा जुना दंडक होता. त्या दहांपैकी एक चुलीवर बांधायचा. झाडाखाली सावली सापडली म्हणून तेथेच शेगडी मांडणे सर्वांत वाईट. पाने, कोळ्याची जाळी, मुंग्या, सारे पातेल्यात. उघड्यावर चार बांबूंना पांढरी सुती चादर बांधावी, ज्योतीपासून निदान सात-आठ फूट उंच, म्हणजे पेटण्याची भीती नाही. सिंथेटिक कापड यासाठी कदापि वापरू नये. शेगडी पेटवण्याआधी बर्नर आणि खालची जागा पुंजणीने हलकेच पुंजून घ्यावी. रात्रभर बाहेर राहिलेल्या शेगडीच्या नळीत आणि छिद्रांत मुंग्या हमखास शिरलेल्या असतात.

छ'री पालित संघाची पदयात्रा असेल तर हिशेब पालटतो. सारे एकाशन करणारे, म्हणजे दिवसाचा एकच मोठा स्वयंपाक, तोही दुपारी. तेथे भट्टी आणि मोठी पातेलीच लागतात आणि रुईच्या पेटीचे काम फारसे उरत नाही. पाण्याचे प्रमाण मात्र चालणाऱ्यांसाठी वाढवून धरावे.

यादी झाली की निघण्याआधीच्या रविवारी घराच्या गच्चीवर एकदा सारा स्वयंपाक याच शेगडीवर, याच भांड्यांत करून पाहावा. घरातील जो मुलगा किंवा मुलगी घड्याळ वापरायला शिकली आहे तिच्या हाती वही द्यावी : पाणी केव्हा ठेवले, केव्हा उकळले, केव्हा पिण्याजोगे निवले, डाळ रुईत केव्हा गेली, पहिली पोळी केव्हा, शेवटची केव्हा. आरंभी आणि अखेरीस सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावे. त्या वहीतील शेवटच्या आकड्यातून उलटे मोजत गेले की बोरला शेगडी किती वाजता पेटवायची ते कळते. बहुतेक घरांत हा आकडा दुपारच्या साडेबाराच्या आसपास येईल.